डिकीतला डॉल्बी

कोल्हापुरात छातीत धडधडायला लावणाऱ्या कुठल्याही वस्तूला डॉल्बी म्हणतात. मग ती ट्रकवर रचलेली स्पीकरांची भिंत असो, मंगल कार्यालयातले दोन खोके असोत, किंवा सहकारी बँकेत अधिकारी असलेल्या, चतुर्थी धरणाऱ्या, आयुष्यात कधी सिग्नल न तोडलेल्या एका बाईच्या गाडीच्या डिकीतला लहानसा सबवूफर असो. हे निशिगंधाला आधी सुचलं असतं तर तिनं तो बसवला नसता असं नाही. फक्त सांगलीला जाऊन बसवला असता.

दुसरी अडचण तिच्या घरातच राहत होती. तिचे यजमान अमरसिंह हे कॉलनीच्या डॉल्बीमुक्त उत्सव समितीचे अध्यक्ष. हे पद त्यांनी मागितलं नव्हतं. पहिल्याच सभेत ते पाणी प्यायला म्हणून उठले आणि सभेत उभा असलेला एकमेव माणूस म्हणून एकमतानं निवडून आले. पण एकदा अध्यक्ष झाल्यावर त्यांनी ते पद अंगात मुरवून घेतलं. घरात मिक्सर लावायचा झाला की ते उठून खिडक्या बंद करत. कुकरची शिट्टी झाली की गॅसकडे अशा नजरेनं बघत, की कुकरला चौथी शिट्टी देण्याचा धीर होत नसे.

आणि याच घरात आबा राहत होते.

आबा म्हणजे निशिगंधाचे वडील, आकाराम. आयुष्य इचलकरंजीत यंत्रमागांच्या शेडमध्ये गेलेलं. तिथं शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठांकडे बघावं लागतं. कानांचा उपयोग विडी अडकवण्यापुरता. आबा निवृत्त होऊन लेकीकडे आले तेव्हा ट्रंक आली, मृदंग आला, कान मात्र शेडमध्येच राहिले. ते टीव्ही असा लावत की शेजारच्या दोन घरांनी बातम्या बघणं सोडून दिलं, कारण त्या ऐकू येतच होत्या. त्यामुळे घरात दिवसभर एकच वाक्य फिरत असे: "आबा, आवाज कमी करा!" अध्यक्ष ते पडद्याआडून म्हणत, निशिगंधा स्वयंपाकघरातून म्हणे. आबांना तेवढं सोडून बाकीचं कधीकधी ऐकू येई.

कानाचं मशीन आणून झालं होतं. आबांनी ते काही दिवस इमानेइतबारे लावलं आणि मग सुपारीच्या डब्यात ठेवून दिलं.

"ह्यात भांडणं तेवढी ऐकू येत्यात," ते म्हणाले. "गाणं काय येत न्हाय."

कानाच्या डॉक्टरांनी निशिगंधाला समजावून सांगितलं, की बारीक आवाज गेलेत, जाडे थोडे शिल्लक आहेत. वाण्यानं तांदळाचं सांगावं तसं सांगितलं. पण निशिगंधा ते 'थोडे शिल्लक' मनात घेऊन घरी आली.

कारण आबा शेडच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. आता मृदंग कपाटावर होता, त्याला खोळ होती, आणि आबा त्याच्याकडे बघायचेही नाहीत. दर रविवारी ती त्यांना गाडीतून रंकाळ्यावर न्यायची, मुद्दाम भजनं लावायची. आबा मागच्या सीटवर बसून बाहेर बघायचे.

"गाणं लावलंय का गं?"

"लावलंय, आबा!"

"हां," आबा म्हणायचे. आणि रंकाळा आला की, "लाव की मग."

मृदंगाचा आवाज जाडा. आबांच्या कानांत जाडे आवाज शिल्लक. आणि गाडीचा कंपनीनं दिलेला स्टिरिओ म्हणजे पाणी घालून वाढवलेला पांढरा रस्सा. नाव सगळं, जाडपणा कशातच नाही. हे त्रैराशिक निशिगंधानं बँकेत, दुपारच्या डब्याच्या वेळी सोडवलं. मग तिनं मोबाईलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. आठवडाभरात तिला सबवूफर, अँप्लिफायर आणि कंपनीच्या स्टिरिओला न दुखवता त्याच्या मागच्या वायरीतून आवाज कसा चोरायचा, एवढं सगळं कळायला लागलं. हे शिक्षण कुठल्या शाळेत मिळत नाही आणि मिळालं असतं तरी मुलींना दिलं नसतं.

यशराज कार डेकोरचा मालक यशराज यानं तिला बघून पहिला प्रश्न विचारला, "साहेब कुठायत?"

"साहेब बँकेत असतात," निशिगंधा म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. बँकेत साहेब तीच होती.

"न्हाई, म्हणजे गाडी कुणाची हाय?"

"माझी."

"बसवायचं कुणासाठी? पोरासाठी?"

"वडिलांसाठी."

यशराजनं हातातला पाना खाली ठेवला. त्याच्या दुकानात आजवर वडील फक्त एकाच कामासाठी आले होते, पोरानं बसवलेलं काढायला. "किती वय हाय वडिलांचं?"

"शहात्तर."

"शहात्तर!" यशराजचा चेहरा आदरानं भरला. "मग जरा मोठाच बसवू की."

तिनं खरं तर सीटखाली बसणारा सपाट सबवूफर मनात ठरवून ठेवला होता. यशराजनं तो प्रकार ऐकूनच नाक मुरडलं. सीटखालचा म्हणजे पायाला गुदगुल्या. खरा आवाज डिकीतनं यायला पायजे, बसणाऱ्याच्या बरोबर पाठीमागनं. पाठ हा शब्द निशिगंधाला पटला. कान गेलेल्या माणसाला पाठ तर असतेच. खोका डिकीत बसला. त्यानंतर डिकीत दळणाचा डबा बसेना, पण मोठ्या कामात असं होतंच.

गाडी घेऊन ती निघाली आणि पहिल्याच चढाला गाडी गायला लागली. गाणं बंद होतं. तरी ॲक्सिलरेटर दाबला की 'घूंऽऽऽ', सोडला की 'घुं'. जणू डिकीत एखादं तान्हं पोर होतं आणि त्याला चढण सोसत नव्हती. घरी पोचेपर्यंत अध्यक्ष फाटकात उभे होते.

"हा कसला आवाज?"

"सबवूफर बसवलाय. आबांसाठी."

अमरसिंहांनी डिकी उघडली. आत काळा, जाळीदार, निर्लज्ज खोका होता. त्यांनी डिकी बंद केली, इकडेतिकडे बघितलं, पुन्हा उघडली.

"निशा," ते म्हणाले, "मी समितीचा अध्यक्ष आहे."

"मी कुठं समितीत आहे?"

"अध्यक्षाच्या घरात डॉल्बी?"

"घरात नाही. डिकीत."

हा युक्तिवाद कायद्यानं बिनतोड होता, पण संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं, की अध्यक्षांच्या मंडळींनी डॉल्बी आणला. वाण्याकडे तिला एका बाईनं विचारलं, "ट्रक पण घेणार काय?"

घूंवर सल्ला द्यायला शेजारचे उदयसिंह आले. हे वीज मंडळातून निवृत्त झालेले. विजेवर चालणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांचं मत असे, आणि ते एकच असे.

"अर्थिंग," उदयसिंह म्हणाले. "अर्थिंग नाही. मला गेटातूनच कळलं."

"मग काय करायचं, काका?"

"खड्डा घ्यायचा. चांगला खोल. त्यात कोळसा, मीठ, कोळसा, मीठ असे थर द्यायचे. तांब्याची पट्टी सोडायची. रोज बादलीभर पाणी घालायचं."

"पण काका, गाडी आहे. ती जाणार कुठं कुठं..."

उदयसिंहांनी यावर पुरेसा विचार केला. "मग जिथं जास्त थांबता तिथं खड्डा घ्या."

शेवटी यशराजनंच ते शोधलं. काळी वायर त्यानं रंगावरच आवळली होती. रंग खरवडून ती पत्र्याला लावल्यावर घूं थांबला. उदयसिंहांनी ते बघून मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणजे अर्थिंगच."

पहिल्या रविवारी निशिगंधानं आबांना मागच्या सीटवर, खोक्याला बरोबर पाठ लागेल असं बसवलं. मृदंगाची साथ अशी ठळक असलेलं भजन लावलं. आवाज वाढवला. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. तिच्या स्वतःच्या बरगड्यांत थाप पडत होती. आरशात तिनं आबांचा चेहरा पाहिला. आबा सीटवर हलत होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते पुढं वाकले.

"निशे."

"काय, आबा?"

"खड्डे लय झालेत गं."

तिनं गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ रंकाळ्याकडे बघितलं. आबांचं चुकलं नव्हतं. कोल्हापुरात चालत्या गाडीत पाठीला हादरा बसला तर माणूस आधी महापालिकेची आठवण काढणार, देवाची नंतर.

अध्यक्षांनी ही बातमी खुर्चीत बसून ऐकली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे तह मांडला: आबांना ऐकू येत असेल तर खोका राहू दे, आपण समितीला काय सांगायचं ते सांगू. नसेल येत, तर दिवाळी झाली की काढून टाकायचा. पाडव्यापर्यंत मुदत. निशिगंधानं हो म्हटलं, कारण नाही म्हणायला तिच्याकडे खड्ड्यांशिवाय काही नव्हतं.

मुदतीतला पहिला आठवडा बॅटरीनं खाल्ला. यशराजनं कुठलीशी बारीक वायर अशा जागी जोडली होती, की गाडी बंद झाली तरी अँप्लिफायर रात्रभर जागा राही. सकाळी किल्ली फिरवली की 'टिक'. बँकेच्या साडीत ती सुकाणूवर आणि मागून डॉल्बीमुक्त उत्सव समितीचं कार्यकारी मंडळ गाडी ढकलतंय, हे दृश्य कॉलनीनं दोनदा पाहिलं. अध्यक्ष ढकलत नव्हते. ते बाजूनं चालत सूचना देत होते.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बॉनेट उघडून लगेच मिटलं. "मॅडम, बाहेरून काम केलंय. वायरिंगची वॉरंटी संपली."

"सगळ्या वायरिंगची?"

"ते कंपनी ठरवणार. तुम्ही विम्यात कळवलंय का?"

विम्याच्या कचेरीत तरुण साहेबांनी संगणकात बघितलं. गाडीत काय बदल केला याला त्यांच्याकडे गॅस किट, रंग आणि इतर एवढीच घरं होती. त्यांनी 'इतर' दाबलं. संगणकानं आरटीओचा कागद मागितला. आरटीओत एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सबवूफर ना? त्याला आमची ना नाही."

"मग तसं लिहून द्या."

"बाई, ज्याला आमची ना नाही, ते आम्ही लिहून देत नाही."

हे वाक्य निशिगंधानं घरी येऊन अमरसिंहांना सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं, की पुढच्या सभेत त्यांनी ते स्वतःचं म्हणून वापरलं.

बॅटरीचं निस्तरलं, तर नवीनच सुरू झालं. मृदंगाची थाप पडली की गाडीच्या मागून फट्‌, फट्‌, फट्‌ असा आवाज यायचा. नंबरप्लेट वाजत होती, डिकीचा पत्राही तिला साथ द्यायचा. यशराज म्हणाला, "मॅडम, गाणं मोठं लावून दोन दिवस फिरा. कुठनं येतंय ते ऐकून ठेवा. मग फोम लावतो."

म्हणून एका सकाळी ती बँकेला निघाली ती कान मागं लावून, भजन पूर्ण आवाजात लावून. बावड्याच्या रस्त्याला लागताना तिला आरशात दोन शिंगं दिसली.

तिनं नियमाप्रमाणे बाजू दिली. शिंगांनी ओव्हरटेक केलं नाही. तिनं वेग वाढवला; शिंगांनीही वाढवला. वेग कमी केला. शिंगं मागंच, एका गाडीचं अंतर राखून, वाहतूक नियमांच्या पुस्तकात दाखवतात तशी.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला इथं थोडं थांबवायला हवं. बाकीच्या महाराष्ट्रात दिवाळीच्या पाडव्याला बायका नवऱ्यांना ओवाळतात. कोल्हापुरात तेही होतं, पण ते उरकतात. खरा पाडवा म्हशींचा. त्यांना तेल लावून चकचकीत करायचं, शिंगं रंगवायची, माळा-मोरपिसं बांधायची आणि मिरवायचं. मिरवायचं म्हणजे मालकानं सायलेन्सर काढलेली मोटरसायकल फट्फट करत पुढं पळवायची आणि म्हशीनं त्या आवाजामागं पळायचं. गाडी थांबली की म्हशीनं पुढचे दोन पाय तिच्यावर ठेवून उभं राहायचं, म्हणजे फोटो निघतो. याची तालीम कित्येक महिने चालते. काही घरांतल्या मुलांच्या दहावीकडे एवढं लक्ष दिलं जात नाही.

या म्हशीचं नाव रेवडी. कॉलनीच्या भिंतीपलीकडे बनाबाईंचा गोठा होता, त्यातली ही मानाची म्हस. मागच्या पाडव्याची विजेती. बनाबाईंचा मुलगा पृथ्वीराज यानं तिला आपल्या मोटरसायकलच्या फट्फटीवर तयार केली होती. आता नदीवरून धुऊन येताना तिनं फट्‌, फट्‌, फट्‌ ऐकलं, आणि एका शिकलेल्या म्हशीनं जे करायला हवं ते केलं.

सिग्नल लागला. निशिगंधा थांबली. रेवडी थांबली. मग गाडीचं ढुंगण खाली बसलं आणि पत्रा चेपल्याचा आवाज आला. रेवडी डिकीवर दोन पाय ठेवून उभी होती आणि फोटोसाठी तोंड वळवून बघत होती. लोकांनी तिला निराश केलं नाही.

हवालदार आला. "बाई, म्हस तुमची?"

"नाही हो!"

"मग तुमच्या मागं का लागलीया?"

"तिला विचारा."

हवालदारानं म्हशीकडे बघितलं आणि हा मार्ग सोडून दिला. तो खाली वाकला, गाडीचा सायलेन्सर हातानं चाचपला. सायलेन्सर होता, कंपनीचा होता, आणि पोळलाही. बोट चोखत तो उभा राहिला. "सायलेन्सर तर हाय," तो दुःखानं म्हणाला. त्याच्याजवळ जेवढी कलमं होती त्यांतलं एकही म्हशीला लागू होत नव्हतं.

तेवढ्यात मागून, धापा टाकत, ओला पदर खोचलेल्या बनाबाई आल्या.

"ओ मॅडम! माझी म्हस कुठं न्हेताय?"

"मी नेत नाही, तीच येतेय!"

"मग तुमी कशाला पळताय?"

निशिगंधा त्या दिवशी बँकेत उशिरा पोचली. कारणाच्या रकान्यात तिनं 'वाहतूक' लिहिलं.

तेवढ्यावर भागलं असतं, पण रेवडीनं मन बदललं ते बदललंच. पृथ्वीराजनं मोटरसायकल काढली की ती रवंथ करत बसून राही. भिंतीपलीकडून निशिगंधाची डिकी फट्फटली की दावं तोडायला बघे. पृथ्वीराज दोन दिवस जेवला नाही. आणि याच मुहूर्तावर चौकीतून सांगणं आलं, की या पाडव्याला सायलेन्सर काढलेली एकही मोटरसायकल मिरवणुकीत दिसता कामा नये. तसा अर्ज डॉल्बीमुक्त उत्सव समितीनं दिला होता. खाली सही अध्यक्षांची होती.

बनाबाई दारात आल्या त्या चपला न काढताच.

"नवऱ्यानं सायलेन्सर बंद केला, बायकूनं म्हस फितवली. दोघांनी ठरवूनच केलंय व्हय?"

"बनाबाई, आवाजाचं प्रदूषण हा अत्यंत गंभीर..." अमरसिंहांनी सुरुवात केली.

"तुमच्या डिकीत काय, हरिपाठ हाय?"

"भजनच आहे," निशिगंधा म्हणाली.

अध्यक्षांनी तिच्याकडे असं बघितलं, की कुकर असता तर त्यानं शिट्टी गिळली असती.

आबा आतून बाहेर आले, बनाबाईंना बघून खूश झाले. "बसा की पावणं," ते म्हणाले. "च्या ठेव गं निशे." त्यांना वाटलं, फराळ द्यायला आल्यात. बनाबाई बसल्या. म्हाताऱ्या माणसानं बस म्हटल्यावर उभं राहून भांडणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. त्यांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली, आणि आवाज एकदम उतरला.

"मॅडम, सायलेन्सर लावून गाडी पळवून बघितली. ती बघत बी न्हाय. तिला वाटतंय, पोस्टमन चाललाय." त्या पदराला हात पुसत राहिल्या. "पंधरा वर्षांत आमचा गोठा पाडव्याला दावणीला ऱ्हायला न्हाय. ह्यांच्या माघारी बी न्हाय. पोरगं दोन दिस जेवल्यालं न्हाय. तुमच्या गाडीला सायलेन्सर हाय. पाडव्याला एक फेरी मारा की."

खोलीत शांतता पसरली. अशी शांतता, की जिच्यासाठी समिती झटत होती.

"ते शक्य नाही," अमरसिंह म्हणाले. "मी अध्यक्ष..."

"अहो," निशिगंधा म्हणाली, "सायलेन्सर आहे. ट्रक नाही. भजन आहे. यातलं कशाला समितीची ना आहे?"

अमरसिंहांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांचा चेहरा हळूहळू अध्यक्षांसारखा झाला. "ना नाही," ते म्हणाले. "पण लिहून देणार नाही."

पण तोवर यशराजनं नंबरप्लेटमागं फोम लावून फट्फट घालवलेली होती. निशिगंधानं गाडी परत नेली. त्यानं तिचं म्हणणं दोनदा ऐकलं.

"म्हंजे घालवलेला आवाज परत आणायचा?"

"हो. पाडव्यापुरता. नंतर सगळंच काढायचंय, खोक्यासकट."

"का ओ? वडिलांना आवडला न्हाय?"

"त्यांना खड्डे वाटतात," निशिगंधा म्हणाली. यशराज हसणार होता, पण तिच्याकडे बघून त्यानं फोम काढायला घेतला.

पाडव्याच्या सकाळी पृथ्वीराजनं गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या. बॉनेटला गुलाल लागला. निशिगंधा सुकाणूवर. शेजारी अध्यक्ष, खिशाला समितीचा बिल्ला, दोन्ही कानांत कापूस, हात मांडीवर, नजर समोर, मतदान केंद्रावरच्या अधिकाऱ्यासारखे. मागं आबा, परीटघडीची टोपी घालून. त्यांना म्हशी बघायला नेतोय एवढंच सांगितलं होतं. आणि त्यांच्या मागं, काचेपलीकडे, लाल-पिवळ्या शिंगांची, पाठीवरचे केस भादरून स्वतःचं नाव कोरलेली रेवडी.

निशिगंधानं भजन लावलं. रंकाळ्याच्या त्या पहिल्या रविवारचंच. बटण शेवटपर्यंत फिरवलं. फट्‌, फट्‌, फट्‌! रेवडीनं मान वर केली आणि निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक ओरडायला लागले. "आली रे आली! बनाबाईंची आली!" पृथ्वीराज बाजूनं पळत होता, रडत होता आणि लोकांना हटवत होता, सगळं एकदम. बनाबाईंनी रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या बोटं मोडून तिची दृष्ट काढली. कुणीतरी काचेत तोंड घालून ओरडलं, "अध्यक्ष, नादखुळा!" अध्यक्षांनी कापूस आणखी आत ढकलला.

निशिगंधा आरशात बघत होती. म्हशीकडे नाही. आबा हादऱ्यांबरोबर हलत होते. त्यांनी बाहेर रस्त्याकडे बघितलं, मान हलवली.

"दिवाळीला तरी बुजवायचे," ते म्हणाले.

तिनं ओठ आवळले आणि गाडी पुढं नेली. ठरलं ते ठरलं. उद्या यशराजकडे.

मग पुढं सगळं अडलं. कुणाची तरी म्हस रस्त्याच्या मधोमध बसली होती. गर्दीला घाबरली म्हणा, किंवा कंटाळली. तिच्या मालकानं हात जोडले तरी ती उठेना. सगळी रांग थांबली. निशिगंधानं गाडी बंद केली. भजन चालूच राहिलं, कारण ते थांबलं तर रेवडी कुठं जाईल याची हमी कुणी दिली नव्हती. गाडी थांबल्यावर रेवडीनं रीतसर दोन पाय डिकीवर ठेवले. गाडी मागं कलली. टाळ्या पडल्या.

आबांनी खिडकीतून खाली बघितलं. रस्ता हलत नव्हता. बाजूची पानटपरी जागच्या जागी होती. टपरीवाला पण. त्यांनी सीटकडे बघितलं. मग हळूच एक हात मागं नेला आणि तळवा सीटच्या पाठीला लावून ठेवला, ताप बघतात तसा.

निशिगंधानं आरसा त्या हातावर वळवला.

आबांनी डोळे मिटले. टोपी थोडी मागं सरकली. मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले. पुढं मृदंग नव्हता, अमरसिंहांचे खांदे होते. त्यांच्यावर त्यांनी उजव्या हाताची बोटं टेकवली, डाव्या हाताचा तळवा, एक मात्रा वाट बघितली, आणि समेवर थाप दिली.

अध्यक्ष दचकून वळणार होते. वळले नाहीत. डाव्या खांद्यावर घुमतं, उजव्यावर वाजतं, असा तो सगळा ठेका त्यांनी ताठ बसून अंगावर घेतला. मधल्या एका तिहाईला त्यांचा चष्मा नाकावरून घसरला, तोही त्यांनी तसाच राहू दिला. फक्त एकदा, थाप मोडणार नाही अशा बेतानं हात वर नेऊन, त्यांनी कानातला कापूस काढला.

भजन संपत आलं. आबांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"निशे!"

"काय, आबा?"

"आवाज जरा कमी कर की. माणसं बसल्यात हितं."

निशिगंधानं बटण एक घर मागं फिरवलं. डिकीवर रेवडी रेकली. तिला ते पटलं नसावं.